दुसरा उकार

"मॅडम, आकडा हलतच नाही हो."

"कुठला आकडा?"

"वॉर्मरचा. बाळाच्या अंगाचा ताप दाखवतो ना, तो. सकाळपासून साडेछत्तीस. मी पोटावरचा सेन्सर काढून हातात धरला, तरी साडेछत्तीस. हवेत धरला, तरी साडेछत्तीस."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. कंपनीची बस साडेपाचला सुटायची आणि त्या दिवशी बुधवार होता. भोसरीत गुरुवारी कारखाने बंद असतात, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सगळ्यांचं मन आधीच घरी पोचलेलं असायचं. माझा डबा पिशवीत गेला होता, चष्मा डबीत गेला होता. फोन उचलला तो केवळ सवयीनं.

"आपण कुठून बोलताय?"

"ग्रामीण रुग्णालय, खडकाळी. तिकडं सातपुड्याच्या अंगाला. मी सिस्टर वळवी. रमिला वळवी."

तिच्या मागे कुणीतरी फरशीवरून पत्र्याची बादली ओढत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. या गोष्टीला सोळा वर्षं झाली, मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि मागच्या आठवड्यात कोण येऊन गेलं ते मला मुलीला विचारावं लागतं. पण ती बादली आठवते.

"सिस्टर, थर्मामीटर लावून बघितलंत?"

"बघितलं ना. काखेत लावलं. अडतीस आलं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणे थर्मामीटर जुनं आहे, मशीन नवीन आहे, मशीनचं खरं धरा. आता दोघांतलं कुणाचं खरं मॅडम? म्हणून तुम्हाला फोन केला. मशीनवर नंबर होता."

ती पहिलं वाक्य बोलली तेव्हाच मला कळलं होतं की थर्मामीटरचं खरं आहे.

*

मी मूळची छापखान्यातली. अठ्ठावीस वर्षं नारायण पेठेत एका प्रेसमध्ये मुद्रितं तपासली. शिशाचे खिळे हातानं जुळवायच्या काळापासून. ओल्या शाईचा वास, जुळाऱ्यांच्या शिव्या, समासात निळ्या पेनानं केलेल्या खुणा, हे माझं जग. मालक वारले, मुलांनी जागा विकली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी या कंपनीत आले. ही कंपनी कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी यंत्रं करायची. वर हीटर, खाली गादी, बाजूला आकड्यांची पेटी. दवाखान्यात सगळे त्याला वॉर्मर म्हणतात. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका जायची ती मराठीत लिहायचं काम माझं. पुढे पुस्तिका छापणं बंद झालं आणि तेच सगळं संकेतस्थळावर आलं. ते रेश्मा तांबोळी सांभाळायची. दौंडची मुलगी, पंचवीस वर्षांची, तोंडानं फटकळ. मला ती तोंडावर 'शुद्धलेखन पोलीस' म्हणायची.

"मॅडम, आज किती जणांना आत टाकलं?"

"तुला टाकणार आहे. 'तापमान नियंत्रीत' लिहिलंयस. त्री दीर्घ?"

"जामीन मिळेल का?"

अशी आमची मैत्री होती.

त्या फोनच्या तीन आठवडे आधी बोपर्डीकर साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. साहेब कधी आवाज चढवत नसत. बोलताना समोरच्याला पाण्याचा ग्लास स्वतः भरून देत. त्या दिवशीही दिला.

"नव्या लॉटमध्ये एक अडचण निघालीय," ते म्हणाले. "सेन्सर जिथे बसतो ती खोबण सैल आहे. कधी कधी आकडा अडकून बसतो. आणि यंत्र ऑटोवर असेल तर हीटर वाढत राहतो. अलार्म होत नाही."

"म्हणजे बाळ..." रेश्मा म्हणाली.

"आपली माणसं जाऊन खोबणी बदलणार आहेत. दीड महिन्यात सगळीकडे होईल. तोपर्यंत एक सूचना लिहून ठेवा. खांबेटे मॅडम, तुम्ही लिहा, नेहमीसारखी स्वच्छ. पण ती यादीत नको. यादीत टाकली की उद्या अडीचशे दवाखान्यांचे फोन येतील, नि आपली माणसं आहेत चार. ज्याचा फोन येईल त्याला पानाचा पत्ता द्यायचा. आणि तोंडी काही सांगायचं नाही. तोंडी सांगितलेलं कोण कसं ऐकेल याचा भरवसा नसतो. लेखी ते लेखी."

हे शेवटचं मला पटलं. लेखी ते लेखी, यावर तर माझं सगळं आयुष्य गेलं होतं.

जागेवर आल्यावर रेश्मानं पान तयार केलं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"यादीत नाही म्हणजे नक्की काय गं?"

"अनलिस्टेड. म्हणजे डाव्या बाजूच्या यादीत नाव येणार नाही. आपल्या शोधाच्या चौकटीत शोधलं तरी येणार नाही. गूगललासुद्धा सांगून ठेवायचं की बाबा तू बघू नकोस. ज्याच्याकडे पत्ता आहे त्यानं अक्षर न् अक्षर बरोबर टाकलं, तरच उघडणार."

"मग ते पान आहे म्हणायचं की नाही?"

"आहे ना. दिसत नाही फक्त."

"प्रेसमध्ये अनुक्रमणिकेत नसलेलं पान पुस्तकात निघालं असतं तर मालकांनी बाइंडरला उन्हात उभा केला असता."

"इथं बाइंडर मीच. करा उभी." ती पत्ता टाकायला लागली. कंपनीचं नाव, तिरकी रेघ, आणि पुढे 'सूचना' नि सातचा आकडा, कारण तशी ती सातवी सूचना होती. इंग्रजी अक्षरांत. तिनं एस टाकला, यू टाकला.

"थांब. सु ऱ्हस्व केलास."

"मॅडम, इंग्रजीत कुठं आलंय ऱ्हस्व-दीर्घ?"

"शब्द मराठी आहे ना? सूचना. सू दीर्घ. दोन ओ कर."

"एस डबल ओ? असं कोण लिहितं? सगळ्या बायका मोबाइलवर एस यू लिहितात. मी लिहिते, माझी आई लिहिते."

"बायका चुकीचं लिहितात म्हणून आपणही लिहायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावून सलाम केला आणि दोन ओ केले.

मग मी मजकूर लिहिला. दोन चित्रं, सहा वाक्यं. त्याचं सार एवढंच होतं: यंत्र ऑटोवर ठेवू नका. हातानं हीटर कमी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावून बघा. मी तो तीनदा वाचून काढला. एकही चूक नव्हती.

*

"सिस्टर," मी फोनवर म्हटलं, "यासाठी आमच्या संकेतस्थळावर एक पान आहे. तेवढं उघडून वाचा."

"तुम्हीच सांगा ना मॅडम. इथं इंटरनेट हापिसात आहे, मला वॉर्ड सोडून जावं लागतं."

"फोनवर नाही सांगता येणार. नीट लिहिलंय सगळं, चित्रांसकट."

"हां, म्हणजे तेपण बरंच आहे. लेखी असलं की डॉक्टरांना दाखवता येईल. माझं ऐकणार नाहीत, कंपनीचं ऐकतील."

"तेच म्हणते मी."

"बाळाला काही होणार नाही ना मॅडम? सोळाशे ग्रॅमची आली होती. आम्ही तिला सोळाशेच म्हणतो, नाव कुठं ठेवलंय अजून. आज सोळाशे पंचवीस भरली. आई तिची दारातून हलत नाही, आत येऊ देत नाहीत ना, तर तिथूनच विचारत राहते, सिस्टर, आज किती, आज किती."

"पान वाचलंत की सगळं कळेल."

"सांगा पत्ता. लिहून घेते."

कंपनीचं नाव तिच्या यंत्रावर छापलेलंच होतं. ते मी सांगितलं, तिरकी रेघ सांगितली.

"त्यापुढे सूचना. इंग्रजी अक्षरांत. आणि सात, आकड्यात. सगळं जोडून. आणि सिस्टर, सूचनामधला सू दीर्घ."

"दीर्घ म्हणजे... दुसरा ना मॅडम?"

"हो, दुसरा उकार. शाबास."

मी खरंच शाबास म्हटलं. शाळेत पहिला उकार, दुसरा उकार असंच शिकवतात. दीर्घ म्हटल्यावर लगेच दुसरा आठवला म्हणून मला त्या मुलीचं कौतुक वाटलं होतं. आवाजावरून मुलगीच वाटत होती.

खाली बसनं हॉर्न दिला.

"कळलं ना सगळं?"

"हो मॅडम, कळलं. थँक्यू हं."

मी फोन ठेवला आणि पळत जिने उतरले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

गुरुवारी मी गच्चीवर सांडगे घातले. एप्रिल संपत आला होता, ऊन चांगलं होतं. शेजारच्या लोंढेवहिनी मदतीला आल्या, दुपारी आम्ही पन्हं केलं, मग मी केस धुतले. दिवस छान गेला. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

*

शुक्रवारी मी जागेवर बसायच्या आधीच रेश्मानं हाक मारली. "मॅडम, इकडे या जरा. गंमत बघा. आपल्या साइटवर कुणीतरी एक्केचाळीस वेळा आपटलंय. सगळं एकाच ठिकाणाहून."

"आपटलंय म्हणजे?"

"नसलेला पत्ता टाकला की इथं नोंद होते. कुणी काय टाकलं, किती वाजता. कुणीतरी वेडंवाकडं काहीतरी टाकत बसलंय, बुधवार, गुरुवार. बघा, ही पहिली ओळ. एस यू..." ती थांबली. "सूचना सात."

मी चष्मा लावला.

पहिली ओळ बुधवारी पाच वाजून अडतीस मिनिटांची. तेव्हा बस कासारवाडीच्या फाटकाशी असेल. एस, मग यू, मग पुन्हा यू. दुसऱ्या ओळीतही यू दोनदा. तिसरीतही. चौथीत यू एकदाच होता, पण शेवटी ए दोनदा. पाचवीत पुन्हा यू दोनदा.

"यू दोन वेळा का टाकतंय?" रेश्मा म्हणाली. "असं तर कुणीच नाही लिहीत."

मला तेव्हा कळलं. दुसरा उकार. तिनं पहिला टाकला होता आणि मग दुसरा टाकला होता.

"रेश्मा, पुढचं दाखव."

बुधवारी सहाला नोंदी थांबल्या होत्या. हापिसाला कुलूप लागलं असणार. गुरुवारी सकाळी नऊ दहापासून पुन्हा सुरू. मध्ये अंतर पडत होतं, दहा मिनिटं, अर्धा तास, वॉर्डात जाऊन परत यायला लागत असेल तेवढं. यू तीनदा. एस एच करून शूचना. सात अक्षरांत. सातच्या आधी शून्य. कंपनीचं नाव दोनदा. एके ठिकाणी सूचनाच्या जागी 'मदत'. कुठल्याही ओळीत ओ नव्हता. एकाही ओळीत.

"आणि हे शोधाच्या चौकटीत टाकलेलं," रेश्मा हळू आवाजात म्हणाली. आता तिला गंमत वाटत नव्हती. "हे मराठीत आहे."

ते देवनागरीत होतं. कुठूनतरी कष्टानं एकेक अक्षर जुळवलेलं. सुचना ७. वारमर सुचना. आकडा हलत नाही. आणि शेवटची नोंद, गुरुवारी दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं: बाळ खुप गरम लागते काय करावे.

पत्त्याच्या प्रत्येक ओळीनंतर संकेतस्थळानं तिला एकच उत्तर दिलं होतं. ते वाक्य आमच्या साइटवर मीच लिहिलं होतं. 'पान सापडले नाही. कृपया शुद्धलेखन तपासून पुन्हा प्रयत्न करा.'

एक्केचाळीस वेळा.

मी माझ्या टेबलाशी गेले आणि खडकाळीचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका पुरुषानं उचलला.

"सिस्टर वळवी आहेत का?"

"आहेत. पण बोलायच्या नाहीत त्या. कोण आपण?"

"मी... वॉर्मरच्या कंपनीतून."

"अस्सं." मग तो कुणाशी तरी बाजूला बोलला आणि परत आला. "बाई, काल संध्याकाळी बाळ गेलं. काल दिवसभर तुमचा फोन लावत होतो आम्ही. नुसता वाजत होता. आता आठवण झाली तुम्हाला?"

"काल सुट्टी होती," मी म्हणाले.

पलीकडून फोन बंद झाला.

रेश्मा माझ्यामागे येऊन उभी होती. ती जाऊन खुर्चीत बसली आणि ते पान यादीत टाकलं, सगळ्यात वर, लाल अक्षरांत. साहेबांना विचारलं नाही. अकरा वाजता साहेब आले, त्यांनी पाहिलं, आणि साडेअकराला ते पुन्हा यादीतून गेलं.

"तोंडी सांगितलं असतंत तर?" दुपारी डबा न उघडताच रेश्मा म्हणाली. "चार शब्द होते मॅडम. मशीन ऑटोवर ठेवू नका. मोजा."

मी मोजले. चारच होते.

*

पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून पत्र आलं. चौकशी समिती नेमली होती. कंपनीनं आपलं म्हणणं लेखी द्यावं. बोपर्डीकर साहेबांनी मला एकटीलाच बोलावलं आणि पाण्याचा ग्लास भरून पुढे सरकवला.

"मसुदा मी केलाय. भाषा तुम्ही बघा."

मी वाचला. 'सदर दोषाबाबतची सविस्तर सूचना घटनेच्या तीन आठवडे आधीपासून कंपनीच्या मराठी संकेतस्थळावर उपलब्ध होती. संबंधित परिचारिकेने दूरध्वनी केला असता तिला सदर पानाचा पत्ता तत्काळ कळवण्यात आला. सूचनेनुसार कार्यवाही झाली असती तर पुढील प्रसंग टळला असता.' खाली माझं नाव. पत्ता मी दिला होता, म्हणून सही माझी हवी होती.

"यात ते पान यादीत नव्हतं असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"त्यांनी विचारलेलं नाही."

"तिनं एक्केचाळीस वेळा..."

"खांबेटे मॅडम," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "यातलं एकही वाक्य खोटं आहे का? तुम्ही तपासून सांगा. तुमच्याइतकं बारकाईनं कोण वाचतं?"

मी पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. 'उपलब्ध' शब्दावर माझी नजर दोनदा अडकली, पण तोही खोटा नव्हता. पान होतं. दिसत नव्हतं फक्त.

निवृत्तीनंतर मिळालेली माझी मुदतवाढ जूनमध्ये संपत होती. घरी मी एकटी होते, आणि सकाळी उठून कुठेतरी जायला असणं, कुणीतरी आपल्याला मॅडम म्हणणं, एवढंच मला उरलं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

मी 'तत्काळ'च्या जागी 'त्वरित' केलं आणि सही केली.

टेबलाशी परत आले तर चार कागद ठेवलेले होते. रेश्मानं त्या नोंदी छापून काढल्या होत्या, वेळेसकट. एक्केचाळीस ओळी आणि खाली शोधाच्या चौकटीतल्या ओळी.

"हे जोडा पत्राला," ती म्हणाली. "तीस दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. मग कुठंच राहणार नाही."

"मागितलेलं नाही त्यांनी."

"मॅडम, ती शोधत होती हे कुणाला कळणार?"

"रेश्मा, पत्र गेलं."

गेलं नव्हतं. ते साहेबांच्या टेबलावर पाकिटात होतं, आणि पाकीट चिकटवायचं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आपल्या जागी गेली. महिनाअखेर तिनं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढा दिला. माझ्या टेबलावर मी नसताना ठेवून गेली.

माझी मुदतवाढ झाली. दोन वर्षं.

*

आषाढात मला कंपनीच्या पत्त्यावर एक आंतर्देशीय पत्र आलं. कोऱ्या निळ्या कागदावर बॉलपेननं लिहिलेलं, अक्षर गोल आणि मोठं.

'खांबेटे मॅडम यांना नमस्कार. चौकशीत तुमच्या कंपनीचे पत्र वाचुन दाखवले. त्याच्यात लीहीले आहे की सुचना होती. मी खुप शोधली. मला सुचना मीळाली नाही. तुम्ही दुसरा उकार सांगीतला तसाच मी टाकला. साहेब लोक बोलले की पत्ता मीळून पण वाचले नाही. मला कामावरून बंद केले आहे. सोळाशे चे शेवटचे वजन सोळाशे चाळीस भरले होते गुरूवारी सकाळी. तीच्या आईला मी सांगीतले होते. माझे काय चूकले ते कळवावे म्हणजे मला समजेल. आपली, रमिला वळवी.'

रेश्माच्या चार कागदांबरोबर मी ते घरी आणलं. उत्तर लिहायचं होतं. काय लिहायचं तेही ठाऊक होतं. तुझं काही चुकलं नाही, दोन ओ होते, ते मीच करायला लावले, आणि मी तुला ते सांगितलं नाही. तेव्हा लिहिलं असतं आणि सोबत ते चार कागद पाठवले असते, तर कदाचित ती परत कामावर लागली असती. सहीचं काय झालं असतं हाही विचार मी केला. रोज जेवण झालं की पत्र उघडायचं, निळं पेन घ्यायचं, वाचायचं. मग पेनाला टोपण लावायचं. असे किती दिवस गेले सांगता येत नाही. मग गणपती आले, मुलगी आली, घर आवरताना पत्र कपाटात गेलं.

पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही. कंपनी नंतर दुसऱ्यांनी घेतली, जुनं संकेतस्थळ बंद पडलं, आणि ते पानही, यादीतलं असो की बाहेरचं, कुठे राहिलं नाही. आता माझी नात फोनवर काहीही वेडंवाकडं लिहिते आणि तिला सगळं सापडतं. "आजी, त्याला कळतं गं आपल्याला काय म्हणायचंय ते," ती म्हणते. मी तिचं शुद्धलेखन कधी तपासलेलं नाही. तिची आई म्हणते, आई, आमच्या वेळी तू किती कडक होतीस.

मागच्या महिन्यात कपाट लावताना ते आंतर्देशीय हाती आलं. घडीवर विरलेलं. त्याच्या आत रेश्माचे चार कागद. मी खिडकीशी नेऊन उघडलं.

पत्रभर निळ्या शाईच्या खुणा होत्या. 'वाचुन'चा चु दीर्घ केलेला. 'लीहीले'ची दोन्ही वेलांट्या फिरवलेल्या. 'सुचना' दोन ठिकाणी होतं, दोन्ही ठिकाणी सु खोडून वर सू केलेला, आणि समासात छापखान्यातली बारीक तिरकी रेघ. हे मी कधी केलं मला आठवत नाही. पण अक्षर माझं होतं.

मी शेवटची ओळ शोधली. 'माझे काय चूकले ते कळवावे.' तिथेही खूण होती. चू ऱ्हस्व केला होता.

त्याखाली दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.